बत्तीस शाबूत

"बत्तीसच्या बत्तीस शाबूत," डॉक्टरीणबाई म्हणाली, आणि म्हणाली तीही अशा खणखणीत आवाजात की पलीकडे टाकीत पडणाऱ्या पाण्याच्या वरताण ते सगळ्यांना ऐकू गेलं. "एक कीड नाही, एक दाढ भरलेली नाही, हलत तर कुठलीच नाही. काका, ह्या वयात असे दात मी पाहिले नाहीत." तो आ वासून तसाच पडून राहिला. खुर्ची कार्यशाळेतलीच होती, मान टेकायला मागे मीटरांची रिकामी खोकी रचली होती, आणि त्या खोक्यांच्या मागे रांगेत सतरा माणसं उभी होती. तोंड मिटलं की काहीतरी बोलावं लागणार, म्हणून त्यानं ते मिटलंच नाही. बाईनं आरसा बाजूला ठेवला, हातमोजे काढले, कार्डावर शेरा लिहिला, तरी हा आपला छताकडे बघत आ करून पडलेला. शेवटी स्टोअरकीपरनंच कोंडी फोडली. "अरे, मग अकरा वर्षं हा कुणाची दाढ दाखवायला जात होता?" झालं. रांग हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं, बरीच वर्षं एकत्र डबा खाणारी माणसं हसतात तसंच ते हसणं होतं. एकटा शेजारच्या बाकावरचा सीलवाला तेवढा हसला नाही. तो रांगेत शेवटी उभा राहून स्वतःच्या हातांकडे बघत होता.

दातांची तपासणी ठेवली होती ती मुळात याच्यासाठीच. मॅडमनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, स्वतः खटपट करून ती आणवली होती. "तुमचा त्रास बघवत नाही हो," असं आठवड्यापूर्वी त्याला थांबवून म्हणाल्या होत्या, "दर तिसऱ्या मंगळवारी कुठं कुठं जाता, तर म्हटलं एकदा इथंच दाखवून होऊ दे." चांगुलपणानं माणूस कसा मारला जातो ते बघायचं असेल तर या कार्यशाळेत यावं. अकरा वर्षांत कुणी त्याला लवंगेचं तेल आणून दिलं होतं, कुणी मेहुण्याच्या ओळखीचा डॉक्टर सुचवला होता, आणि कुणाचा निरोपसमारंभ असला की त्याच्या बशीत आठवणीनं मऊ केक ठेवला जायचा. त्याचं नावच मुळी दाढदुखे पडलं होतं. नवीन आलेल्या माणसाला ते आडनावच वाटायचं. आणि तो ते नाव, तो केक, ते तेल, सगळं निमूट घेत आला होता. लवंगेच्या तेलाच्या सहा बाटल्या घरी कपाटात होत्या, एकीचंही बूच उघडलेलं नव्हतं.

काम त्याचं चाचणीचं. घराघरांतून काढून आणलेली पाण्याची मीटरं इथं येतात. दहा मीटरं एका नळीवर ओळीनं बसवायची, पाणी सोडायचं, पलीकडच्या टाकीत किती साठलं ते काचेच्या नळीवर वाचायचं, आणि मग एकेका मीटरचा आकडा त्याच्याशी ताडून बघायचा. कुठलं मीटर खरं सांगतंय, कुठलं कमी सांगतंय, कुठलं पाणी नसतानाच फिरतंय, हे तो नुसत्या कानानंही ओळखायचा. खरं ठरलेलं मीटर शेजारच्या बाकावर सीलवाल्याकडे जायचं. तो तारेत शिशाचा मणी ओवायचा आणि पक्कडीत धरून दाबायचा, की मण्यावर नंबर उमटायचा. ज्याची पक्कड त्याचा नंबर. सीलवाल्याचा एकोणीस. स्वतःची पक्कड दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही हा तिथला पहिला धडा, कारण उद्या सील तोडून कुणी मीटर फिरवलं तर नंबर ज्याचा तो माणूस जबाबदार. माणसं जेवायला जाताना डबा बाकावर सोडायची, पण पक्कड खिशात घालून न्यायची. खऱ्याखोट्याची पारख करून पोट भरणारा माणूस दर तीन आठवड्यांनी खोटं लिहितो, यातली गंमत त्याला कळत नव्हती असं नाही. पण अकरा वर्षं कळत राहिली की गंमतही शिळी होते.

आणि लिहायचं म्हणजे काय गुपचूप लिहायचं नाही. रजेची चिठ्ठी चहाच्या टेबलामागच्या बोर्डावर टाचायची, अशी तिथली जुनी पद्धत. कोण नाही ते कळलं म्हणजे त्याचं काम कुणी ओढायचं ते ठरवता येतं. चिठ्ठीत नाव, तारीख आणि कारण. सकाळी दहाच्या चहाला स्टोअरकीपर बोर्डापुढे उभा राहून त्या चिठ्ठ्या बातम्या वाचतात त्या थाटात मोठ्यानं वाचायचा, प्रत्येकीवर एक शेरा मारायचा, आणि दिवस सुरू व्हायचा. पहिली चिठ्ठी लिहायची वेळ आली तेव्हा हा कागद घेऊन घरी गेला होता. ताप लिहिला तर लोक भेटायला येतील. पोट लिहिलं तर काय खाल्लं म्हणून चौकशी होईल. त्याच्या बायकोनं हातातलं काम बाजूला ठेवून विचार केला आणि म्हणाली, "दाढ लिहा. दाढदुखीला कोणी भेटायला येत नाही." ती बाई हुशार, त्यात वाद नाही. अकरा वर्षांत खरंच कोणी आलं नाही.

मंगळवारी तो जायचा ते मनाच्या डॉक्टरांकडे. तिसरा मजला, जिन्यात रंगाचा वास, बाहेर सहा खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांवर एकमेकांकडे न बघणारी माणसं. काय होतं ते त्याला पहिल्या भेटीत नीट सांगताही आलं नव्हतं. रडू येत नाही, म्हणाला. दुःख असं काही नाही. घरात सगळं ठीक आहे, मुलगी गुणी आहे, नोकरी आहे. फक्त सकाळी उठून मोरीत उभं राहिलं की ब्रश हातात घेऊन पुढं काय करायचं असतं तेच सुचत नाही. अर्धा अर्धा तास नळ वाहत राहतो. मी पाणी मोजणारा माणूस, डॉक्टर, आणि माझ्या घरात नळ वाहतो. डॉक्टर हसले नाहीत. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, रोजचं एक काम ठरवा, जगबुडी झाली तरी ते करायचं. त्यानं दात घासणं ठरवलं. अकरा वर्षांत अशा सकाळी आल्या की अंघोळ राहिली, जेवण राहिलं, बायकोशी एक शब्द बोलणं राहिलं, पण दात घासायचे राहिले नाहीत. दोन वेळा, वरून खाली, मागचेसुद्धा, मनात शंभर मोजत. ती बत्तिशी शाबूत राहिली ती अशी. डॉक्टरीणबाईला हे कोण सांगणार?

तपासणी झाली त्याच दुपारी मॅडमनी आत बोलावलं. त्यांच्या टेबलावर त्याच्या रजेचा कागद होता आणि चेहऱ्यावर, आपण भलत्याच भानगडीत हात घातला, असा पश्चात्ताप. बाहेर तोवर दोन तट पडलेही होते. एकाचं म्हणणं याचा कुठंतरी जोडधंदा आहे, दुसऱ्याचं म्हणणं दुसरं घर आहे, आणि दुसरं घर म्हणणाऱ्यांच्या नजरेत थोडा आदरही आला होता. "हे बघा," मॅडम म्हणाल्या, "मला खोलात शिरायचं नाही. पण सगळ्यांच्या देखत झालं ना, आता मला कागदावर काहीतरी लागेल. हिरड्यांचं लिहून द्या. दात चांगले, हिरड्या खराब, असं असतं म्हणे. सोमवारपर्यंत द्या." तो "बरं" म्हणाला. किती सोपं होतं. एक खोटं फाटलं तर त्याला ठिगळ लावायला माणसं स्वतः सुईदोरा घेऊन पुढं येतात. बाहेर येऊन त्यानं दहा मीटरं नळीवर चढवली, पाणी सोडलं आणि आकडे वाचायला लागला. त्याला फार दमल्यासारखं वाटत होतं. पाण्याचा आवाज डोक्यातून आरपार जात होता, आणि काचेच्या नळीतली पाण्याची रेघ चढताना बघून त्याला वाटलं, हिरड्या तर हिरड्या. आणखी चार वर्षांनी निवृत्तच व्हायचंय. हिरड्यांवर चार वर्षं आरामात निघतील.

शुक्रवारी, घरी जायच्या थोडं आधी, सीलवाला त्याच्या बाकाशी आला. हा सीलवाला म्हणजे एके काळचा बोलघेवडा, गालातल्या गालात हसत टोमणे मारणारा गडी. गेल्या वर्षभरात तो हळूहळू मिटत गेला होता. डबा अर्धा परत न्यायचा. एकच मणी दोनदा दाबायचा. महिन्यातून दोन-तीनदा बोर्डावर त्याची चिठ्ठी असायची, कारण: कंबरदुखी. यानं ते पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं. चांगलं ओळखलंही होतं. पाणी नसताना फिरणारं मीटर कानानं ओळखणारा माणूस, त्याला शेजारच्या बाकावरचा माणूस ओळखू येणार नाही? पण ओळखलं म्हणजे बोलावं लागतं, आणि बोलायचं तर आधी आपली दाढ बाहेर काढावी लागते. म्हणून यानं ओळख दिली नव्हती. सीलवाल्यानं खिशातून पक्कड काढली, बाहीला पुसली आणि याच्या पुढ्यात ठेवली. "सोमवारी मी नाहीये," तो म्हणाला. "ही ठेव तुझ्याकडे."

"का रे? काय झालं?"

"काही नाही. कंबर." मग थोडं थांबून, "चांगली आहे पक्कड. तुझ्याकडे असलेली बरी."

आणि यानं काय म्हणावं? जिभेवर आलं होतं ते वेगळंच होतं, शपथेवर सांगतो, अगदी टोकाशी आलं होतं. पण तोंडातून बाहेर पडलं ते असं: "शेक दे कंबरेला. गरम पाण्याच्या पिशवीनं शेक दे, बरं वाटेल." सीलवाल्यानं मान हलवली. "देतो," म्हणाला, आणि डबा उचलून दाराबाहेर गेला. त्याची पाठ ताठ होती. कंबर दुखणारा माणूस असा चालत नाही.

पक्कड खिशात घालून तो घराकडे चालत निघाला, बस सोडून दिली. पक्कडीचं वजन मांडीवर आपटत होतं. शेक दे. हे शब्द आपण कुठंतरी ऐकलेत असं त्याला राहून राहून वाटत होतं. दुकानं, सिग्नल, शाळेतून सुटलेली पोरं, सगळं बाजूनं सरकत होतं आणि तो त्या दोन शब्दांच्या मागे मागे चालला होता. चौथ्या कोपऱ्यावर त्याला ते सापडलं. शेक नव्हे, घड्या. थंड पाण्याच्या घड्या. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. बाबा आतल्या खोलीत असायचे, दिवसा पडदा ओढलेला, आणि आईनं त्याला शिकवून ठेवलं होतं की दारात कोणी आलं तर सांगायचं, बाबांची अर्धशिशी उठलीय. तो शब्द त्याला आवडायचा. मोठ्या माणसासारखा दाराशी उभा राहून तो शब्द म्हणायचा. भिंतीपलीकडे टायपिस्टकाका राहायचे, एकटे. लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. त्यांच्या टाइपरायटरची टकटक दिवसभर भिंतीतून यायची. बाबांची अर्धशिशी ऐकून ते दर आठवड्याला कपाळाला लावायच्या मलमाची डबी घेऊन यायचे आणि दाराशीच देऊन जायचे. मग कधीतरी टकटक कमी झाली. आईनं विचारलं तेव्हा काका म्हणाले, डोळे दुखतात हल्ली, अक्षरं दिसत नाहीत. असं किती महिने चाललं ते त्याला आता आठवत नाही. एक दिवस मात्र काका मलमाची डबी न आणता आले. दोन्ही हातांत छातीशी धरून टाइपरायटर घेऊन आले.

"पोराला शिकू दे," ते म्हणाले. "मला आता लागत नाही." त्या दिवशी बाबा बाहेरच्या खोलीत होते. ते काकांकडे बघत राहिले, बराच वेळ. पोरगा असून त्याला कळलं होतं की बाबांना काहीतरी म्हणायचंय. मग बाबा म्हणाले, "डोळ्यांवर थंड पाण्याच्या घड्या ठेवत जा." काका "हो" म्हणाले आणि गेले. दोन दिवस तो टाइपरायटरवर स्वतःचं नाव मारत बसला होता, इतका आनंद त्याला आधी कशाचा झाला नव्हता. तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे माणसं जमली, आणि आईनं त्याला खिडकीतून ओढून आत घेतलं. कुणी म्हणालं डोळ्यांना कंटाळला बिचारा. बाबा संध्याकाळी उठून आले, टाइपरायटरपुढे जमिनीवर बसले आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "एका भिंतीला दोन्हीकडून डोकं टेकून बसलो होतो आम्ही. आणि मी त्याला घड्या सांगितल्या." नंतर बाबा वीस वर्षं जगले, पण हा विषय पुन्हा निघाला नाही. अर्धशिशीच चालू राहिली.

घरी आल्यावर त्यानं पक्कड टेबलावर ठेवली आणि बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मधूनच पक्कडीकडे बघत होती. "मग त्याला फोन करा ना," ती म्हणाली. केला होता, वाटेतच दोनदा केला होता. सीलवाल्याच्या बायकोनं उचलला होता. ते झोपलेत, कंबर धरलीय, म्हणाली. मी शेकतेय. उद्या येतील कामावर, शनिवारी अर्धाच दिवस असतो ना. तो तिला म्हणाला होता, वहिनी, आज त्याला एकटं सोडू नका, मी उद्या सांगतो का ते. ती घाबरून बरं म्हणाली होती. "उद्या मी बोर्डावर खरी चिठ्ठी लावणार आहे," तो बायकोला म्हणाला. "मंगळवारची."

तिनं पक्कडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "त्याला बाजूला घेऊन सांगा की. बोर्डावर कशाला? गावभर दवंडी कशाला पिटायची?"

"बाजूला घेऊन सांगितलं तर तेही गुपितच झालं. म्हणजे लपवण्यासारखंच आहे असं मी त्याला शिकवणार."

"आणि आपल्या मुलीला लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"वेड्याची मुलगी म्हणतील," ती म्हणाली, आणि शब्द तोंडातून गेल्यावर तिनं डोळे मिटून घेतले. अकरा वर्षांत हा शब्द त्या घरात उच्चारला गेला नव्हता. उच्चारल्यावर छत काही कोसळलं नाही. ती उठली, कपाट उघडलं, लवंगेच्या तेलाच्या त्या सहा बाटल्या एकेक करून बाहेर काढल्या आणि टेबलावर पक्कडीशेजारी ओळीनं मांडल्या. "मीही दमलेय हो," ती म्हणाली. "सगळ्यांना तुमच्या दाढेचं सांगून सांगून. माझी बहीण विचारते, तुझ्या नवऱ्याला अजून किती दाढा आहेत म्हणून." तिला हसू आलं, त्यालाही आलं, पण दोघांचंही फार टिकलं नाही. मग तिनं रजेचा कागद त्याच्यापुढे सरकवला. "लिहा. पण अक्षर नीट काढा. एकदाचं खरं लिहिताय तर लोकांना वाचता तरी येऊ दे."

शनिवारी तो सगळ्यांच्या आधी पोचला. चिठ्ठी टाचली. टाचणी बोर्डात शिरेना, तेव्हा पक्कडीच्या मुठीनं ठोकली. मग आपल्या बाकाशी जाऊन पाणी सोडलं आणि आकडे वाचत राहिला, पण एकही आकडा डोक्यात उतरत नव्हता. अजून वेळ आहे, उठून काढता येईल, हिरड्यांची लावता येईल, असं दर दोन मिनिटांनी वाटत होतं. सीलवाला साडेनऊला आला. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकलेलं. बाकावर बसला आणि रिकामे हात मांडीवर ठेवून बसून राहिला, सील करायला पक्कडच नव्हती. दहा वाजता चहा आला. स्टोअरकीपर कप हातात घेऊन बोर्डापुढे उभा राहिला, घसा खाकरला आणि सुरू झाला. "मंगळवार. अर्जदार, आपले लाडके दाढदुखे. कारण," आणि इथं त्यानं सवयीनं थांबून सगळ्यांकडे बघितलं, तपासणीपासून सगळे या चिठ्ठीचीच वाट बघत होते. "कारण: मला नैराश्याचा आजार आहे. अकरा वर्षांपासून आहे. दर तिसऱ्या मंगळवारी मी मनाच्या डॉक्टरांकडे जातो. माझी दाढ कधीच..." तिथं त्याचा आवाज पडला. पुढचं त्यानं मनातल्या मनात वाचलं. मागून कुणी तरी म्हणालं, "वाच ना," तेव्हा वाचलं, पण बातम्यांचा थाट गेला होता. "माझी दाढ कधीच दुखली नाही. गोळ्या घेतो आणि कामावर येतो. कुणाला काही विचारायचं असेल तर मी बाकावरच असतो."

शेरा नाही. सतरा माणसं चहा हातात धरून उभी होती आणि टाकीत पाणी पडत होतं. कुणीतरी कप खाली ठेवला. मॅडम आपल्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी हिरड्यांचा विषय काढला नाही. त्याला वाटलं होतं हलकं वाटेल, तसं काही झालं नाही. उलट सगळ्या अंगावर कुणीतरी बोट ठेवतंय असं झालं. लोक हळूहळू पांगले. जाता जाता स्टोअरकीपर त्याच्या बाकाशी घुटमळला, उगाच एक मीटर उचलून खाली ठेवलं. "ते डॉक्टर नवीन माणसाला बघतात का रे?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "माझ्या मेहुण्यासाठी विचारतोय." याच मेहुण्याची दातांच्या डॉक्टरशी ओळख होती. "बघतात," हा म्हणाला. "मेहुण्याला सांग, नंबर देतो."

मग तो सीलवाल्याच्या बाकाशी गेला आणि पक्कड त्याच्यापुढे ठेवली. सीलवाल्यानं ती घेतली नाही. त्याची नजर अजून लांब बोर्डाकडेच होती. "काल मी तुला शेक दे म्हणालो," हा म्हणाला. "ते चुकलं माझं. कंबर दुखत नाहीये तुझी. मला माहीत होतं." हा नऊ वर्षांचा असताना जे बाबांच्या ओठाशी येऊन परत गेलं ते आता याच्या ओठाशी आलं होतं, आणि ते असं सरळ विचारायचं असतं हे डॉक्टरांनीच त्याला एकदा सांगितलं होतं. आडपडदा ठेवून विचारलं तर माणूसही आडूनच उत्तर देतो. "जीव द्यायचं डोक्यात आहे का तुझ्या?"

मग सीलवाल्यानं मान खाली घातली. "सोमवारी," तो म्हणाला. इतकंच. आणि थोड्या वेळानं, "तुला कसं रे कळलं?"

"पक्कड दिलीस. पक्कड कोण देतं?"

सीलवाल्याच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला आणि तो रडायला लागला, बाकावर डोकं टेकवून, शिशाच्या मण्यांच्या डबीशेजारी. यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. समजूत काढायला काही सुचलं नाही, म्हणून काढली नाही. मॅडमच्या खोलीतून त्यानं डॉक्टरांना फोन लावला. मॅडम स्वतः उठून बाहेर गेल्या, जाताना दार लोटून घेतलं. मंगळवारपर्यंत थांबायचं नाही, डॉक्टर म्हणाले, आत्ता घेऊन या, एकट्याला सोडू नका, घरच्यांनाही बोलवा. निघताना यानं पक्कड पुन्हा आपल्या खिशात घातली. वहिनी डॉक्टरांकडेच येऊन थांबली, हातात गरम पाण्याची पिशवी तशीच घेऊन. घाईत ती खाली ठेवायची राहून गेली होती. सहा खुर्च्यांवर त्या दिवशी दोघंच होते, तिसरा आत. जवळजवळ तासानं सीलवाला बाहेर आला, मागोमाग डॉक्टर. डॉक्टर वहिनीशी बोलले, औषधं कुणी द्यायची, कुणी जवळ राहायचं, परवा पुन्हा यायचं, पंधरा दिवस कामावर जायचं नाही. सीलवाला रंगाचा वास येणाऱ्या जिन्यात उभा राहून म्हणाला, "फरक पडतो का रे?"

खोटं बोलायची सवय अकरा वर्षांची. हो म्हणणं किती सोपं होतं. "थोडा पडतो," हा म्हणाला. "मग आणखी थोडा. काही सकाळी पडत नाही. त्या दिवशी मी नुसते दात घासतो."

"म्हणून बत्तीस."

"म्हणून बत्तीस."

रविवार त्यानं झोपून काढला. एवढा थकवा त्याला किती दिवसांत आला नव्हता, आणि हा थकवा नेहमीचा नव्हता, खूप ओझं वाहून झाल्यावरचा होता. पण ते ओझं उतरलंय की नुसतं खांदा बदललाय ते त्याला ठरवता येईना. वहिनीचा दोनदा फोन आला. जेवलेत, म्हणाली. बोलत नाहीत पण जेवलेत. सोमवारी तो घाबरतच कामावर गेला. सोमवार हा शब्द त्या माणसानं उच्चारला होता. शेजारचा बाक रिकामा होता. यानं पाणी सोडलं नाही, उभाच राहिला. मीटरं नळीवर चढवून ठेवली आणि दाराकडे बघत राहिला. दहाला थोडा वेळ असताना वहिनी दारात आली, पहारेकऱ्याच्या हातात कागद दिला, लांबूनच याला हात केला आणि उलट पावली गेली. चेहरा ओढलेला होता तिचा, पण चाल घाईची होती, कुणीतरी घरी वाट बघत असल्यासारखी.

चहा आला. स्टोअरकीपरनं तो कागद बोर्डावर टाचला आणि त्यापुढे उभा राहिला. वाचावं की न वाचावं असं त्याचं क्षणभर झालं. मग वाचलं, बातम्यांच्या थाटात नाही आणि खालच्या आवाजातही नाही, आपलं साधं, घरी पत्र वाचतात तसं. "पंधरा दिवसांची रजा. कारण: नैराश्य. कंबर ठीक आहे. तळटीप: एकोणीस नंबरची पक्कड चाचणीवाल्याकडे ठेवायला दिली आहे. ती माझी आहे. दुसऱ्या कोणी हात लावू नये. त्याला सांगावं की तेल घालत जा, पंधरा दिवस पडून राहिली तर गंजेल."

कोणीतरी नाक ओढलं. मॅडम चष्मा पुसत होत्या. तो आपल्या बाकाशी आला, खिशातून पक्कड काढली, पिशवीतून बायकोनं सकाळी दिलेली एक बाटली काढली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिचं बूच उघडलं. लवंगेचं तेल पक्कडीला चालतं की नाही, त्याला माहीत नव्हतं. दोन थेंब सांध्यावर टाकले, चारदा उघडझाप करून बघितली, आणि फडक्यात गुंडाळून ती परत खिशात ठेवली. मग त्यानं पाणी सोडलं.